इंपीरियल सायझिंग डाय वॅक्स: रायफलच्या पुंगळ्यांसाठी चिमूटभर मेण

रेडिंग कंपनीचं हे वंगणाचं मेण चपट्या पत्र्याच्या डबीत येतं, एक औंस किंवा दोन औंस. मी दोन औंसांची घेतली. बारा डॉलरच्या आसपास पडली, आणि अजून तळ दिसायचं नाव नाही. रायफलच्या पुंगळ्या (काडतुसांची उडवून झालेली पितळी आवरणं) घरी रिसाइझ करायला, म्हणजे पुन्हा भरण्यासाठी दाबून मापात आणायला लागलेलं कुणी ‘आधी काय घेऊ’ असं विचारतं, तेव्हा प्रेस (दांड्याने पुंगळी दाबायचं यंत्र) आणि डाय (ज्यात ती दाबतात तो साचा) यांच्या पाठोपाठ मी याच डबीचं नाव सांगते.

हे अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. इथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायची तर लागतं. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायलाच परवाना हवा. तिकडच्या वाचकांनी हे निव्वळ माहिती म्हणून वाचावं.

माझी रायफल बोल्ट-अ‍ॅक्शन, .३०८ विंचेस्टर. या काडतुसाची कमाल दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. गोळी सुटते त्या क्षणी पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलमध्ये काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते, मग थोडी आकसते, पण पूर्ववत होत नाही. डाय तिला दाबून पुन्हा मापात आणते. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पोलादी डायमध्ये ते कोरडं ढकललं तर पोलादाला धरून बसतं. प्रेसचा दांडा वर ओढला की शेलहोल्डर (पुंगळीचं बूड पकडणारा भाग) पुंगळीची कडा फाडून हातात देतो आणि पुंगळी डायमध्येच राहते. मग बुडाला ड्रिल मारायचं, आटे पाडायचे, बोल्ट घालून ती ओढून काढायची. त्यासाठी वेगळं किट विकत मिळतं, यावरूनच हे किती जणांचं होतं ते कळावं. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना कार्बाइडची (पोलादाहून कठीण पदार्थाची) डाय असली की वंगणाशिवाय चालतं. रायफलच्या, खांदा (तोंडाकडे निमुळता होणारा उतार) असलेल्या पुंगळीला ती सोय नाही, डाय कार्बाइडची असली तरी वंगण लावावंच लागतं.

घरातलं मशीनचं तेल इथे कामाचं नाही. एवढ्या दाबाखाली त्याचा थर तुटतो आणि धातूला धातू लागतो. या मेणाचा थर टिकतो, आणि तोही इतका पातळ की डोळ्यांना दिसत नाही, फक्त बोटांना कळतो. बोटाचं टोक मेणावरून हलकेच फिरवायचं, अंगठा आणि दोन बोटांत पुंगळी एकदा गोल फिरवायची, झालं. जोर बुडाजवळच्या भागाला सर्वात जास्त लागतो, म्हणून बोटं तिथे नीट फिरली पाहिजेत. दर पुंगळीला डबीत बोट घालायची गरज नसते, आधीचं बोटांवर उरलेलं दोन-तीन पुंगळ्यांना पुरतं. अपवाद नव्या किंवा नुकत्याच धुतलेल्या डायचा. पहिल्या दोन-चार पुंगळ्यांना थोडं सढळ हाताने लावा, कारण कोरडी डाय आधी स्वतःच्या अंगाला मेण लावून घेते. पुंगळ्या अडकतात त्या बहुधा याच वेळी.

खांद्यावर मात्र मेण जवळजवळ नकोच. तिथे साठलेल्या वंगणाला डायमध्ये जायला जागा नसते, ते दबतही नाही, मग पितळच आत चेपतं आणि खांद्यावर खळगा पडतो. वंगणाच्या पॅडवर पुंगळ्या लोळवण्याची जुनी पद्धत मला पटत नाही ती यामुळेच. किती लागलं याचा अंदाजच येत नाही.

पण मी हे मेण धरून आहे ते पुंगळी अडकत नाही एवढ्यासाठी नव्हे. साइझ करताना खांदा साधारण ०.००२ इंच मागे जावा असं मी डाय लावते. वंगण एका पुंगळीला जास्त, दुसरीला कमी असलं की दांड्याला लागणारा जोर बदलतो, प्रेस कमी-जास्त ताणतो आणि खांद्याचं मापही हलतं. मी प्रत्येक बॅचमधल्या काही पुंगळ्या कम्पॅरेटर (खांद्यापर्यंतचं माप घेणारा जोड) लावलेल्या कॅलिपरवर मोजते. मेणावर आल्यापासून ती मापं एकमेकांना चिकटून येतात. शिवाय हाताला कळतं. दांडा एकसारखा, तुपात सुरी जावी तसा उतरतो, आणि एखादी पुंगळी जड गेली तर ती लगेच ओळखू येते. अशा वेळी रेटायचं नाही. मागे घ्यायची, पुसायची, पुन्हा मेण लावायचं. तरीही जड गेली तर ती पुंगळी बाजूला ठेवायची. बऱ्याचदा ती दुसऱ्या रायफलच्या मोकळ्या चेंबरमधून आलेली असते, किंवा पितळ कडक झालेलं असतं.

हा कडकपणा मला लहानपणापासून ऐकून माहीत. माझे वडील वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. पितळेची वाटी टप्प्याटप्प्याने ओढत पुंगळी कशी होते, आणि दर ओढीनंतर कडक झालेलं पितळ भाजून पुन्हा मऊ का करावं लागतं, हे बाबा जेवताना सांगायचे. गॅरेजमध्ये साइझ करतो तेव्हा आपणही पितळेला तोच ताण देतो. म्हणून मी नेकही (पुंगळीची मान, जिच्यात गोळी बसते) वेळोवेळी भाजून घेते.

नेकच्या आतल्या बाजूला हे मेण मी लावत नाही. एक्स्पांडरचा (नेक आतून मापात रुंद करणाऱ्या भागाचा) गोळा बाहेर येताना नेक ओढून लांबवतो, तेव्हा तिथेही वंगण हवं, पण ओलं मेण आत राहिलं तर दारूचे दाणे चिकटतील. त्यासाठी कोरडं ग्राफाइट वापरते, ब्रश नेकमधून एकदा फिरवला की पुरे.

बॅच मोठी असेल तर हे मेण सोयीचं नाही, हे मान्य. दोनशे-तीनशे पुंगळ्या एकेक बोटांत फिरवायच्या म्हणजे बोटं दुखतात. तिथे लॅनोलिन आणि अल्कोहोलचा स्प्रे बरा. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. ट्रेमध्ये पुंगळ्या पसरायच्या, फवारायचं, हलवायचं. मात्र अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत थांबायलाच हवं, नाहीतर हमखास अडकते. इथे कोलोरॅडोत थंडीतल्या गॅरेजमध्ये अल्कोहोल उडायला फार वेळ घेतं. मेणही थंडीत घट्ट होतं, पण डबी पाच मिनिटं जॅकेटच्या खिशात ठेवली की बोटाला लागतं.

काम झाल्यावर मेण पुसणं टाळू नका. वंगण राहिलेली पुंगळी चेंबरच्या भिंतीला नीट धरत नाही आणि रायफलच्या बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर) जास्त जोर येतो. मी रबिंग अल्कोहोलच्या फडक्याने पुसते, पुंगळ्या जास्त असल्या तर मक्याच्या कणसाच्या भुश्यात टम्बलरला (हलवून साफ करणाऱ्या यंत्राला) लावते. अमोनिया असलेलं पितळेचं पॉलिश अजिबात नको. ब्रिटिश सैन्याला हा धडा आपल्याकडेच मिळाला होता. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना तडे जायचे. ओढताना पितळेत राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया यांच्या जोडीने ते होतं, हे १९२१मध्ये स्पष्ट झालं. आपण साइझ केलेल्या पुंगळीतही ताण असतोच.

आणखी दोन गोष्टी. मेणाच्या बोटांनी प्रायमर (बुडात बसणारी, दारू पेटवणारी टोपी) हाताळू नका, वंगणाने प्रायमर निकामी होऊ शकतो. आणि साइझ करताना वापरलेला प्रायमर निघतो, त्याच्या काजळीत शिसं असतं. त्यामुळे हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर नको, आणि उठल्या उठल्या साबणाने हात धुवा.

डबीचं झाकण मात्र दर वेळी घट्ट लावा. मेणात वाळूचा एखादा कण जरी रुतला तरी तो पुंगळीबरोबर डायमध्ये जातो, आणि डायवर पडलेला ओरखडा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतो. पुंगळ्याही म्हणूनच आधी पुसून घ्यायच्या, मेण नंतर.