छपाई झकास, शोध भलत्याच एल्फिन्स्टनचा

प्रताधिकार संपलेल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांचे स्कॅन छापून, बांधून देणारं एक झेरॉक्सचं दुकान जळगावात आहे. ‘नाव सांगा, चरित्राची पानं आम्ही शोधतो’ ही त्यांची जोडसेवा. छपाईसाठी बिनधास्त जा. शोधायचं काम मात्र त्यांच्यावर सोडू नका. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन मागितला, तर संचात निम्मी पानं त्याच्या काकाची निघतात.

काका माउंटस्टुअर्ट, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला नाव त्याचं, पण ‘लॉर्ड’ तो कधीच नव्हता. पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड, गव्हर्नर १८५३ ते १८६०. आताचं हॉर्निमन सर्कल आणि प्रभादेवी स्टेशन यांची जुनी नावं या पुतण्यावरून पडली. खानदेशात तर दोघेही येतात. औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये भिल्ल कोर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभारली ती काकाच्या राजवटीत. भिल्लांचे नेते खाजा नाईक यांचा उठाव आणि एप्रिल १८५८ ची सातपुड्यातली अंबापाणीची लढाई पुतण्याच्या. त्यामुळे नुसतं ‘एल्फिन्स्टन खानदेश’ टाकलं की सगळं एकत्र येणारच. चिठ्ठीवर ‘जॉन, तेरावा लॉर्ड, १८०७–१८६०’ असं स्पष्ट लिहा. त्याहून बरं म्हणजे ‘डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी’ या ब्रिटिश चरित्रकोशाचा १७ वा खंड स्वतः डाउनलोड करून पेनड्राइव्हवर न्या.

जादा पैसे घेऊन देतात ते मराठी भाषांतर घेऊच नका. मशीनने केलेलं असतं. ‘लॉर्ड इन वेटिंग’चं तिथे ‘प्रतीक्षेतील लॉर्ड’ झालंय, जणू गडी भुसावळला तिकीट कन्फर्म व्हायची वाट बघतोय! हा राजाच्या खासगीतला मानकरी. एल्फिन्स्टन १८३५ ते १८३७ चौथ्या विल्यमकडे होता, मग मद्रासला गव्हर्नर, आणि १८४७ पासून व्हिक्टोरिया राणीकडे. हे पद दरबारी असलं तरी सरकार बदललं की जायचं. १८५२ मध्ये पंतप्रधान रसेलचं मंत्रिमंडळ पडलं, याचंही पद गेलं. अ‍ॅबर्डीन पंतप्रधान झाल्यावर १८५३ मध्ये परत मिळालं, आणि त्याच वर्षअखेर तो मुंबईत. भाषांतरात ही मधली फट ‘निवृत्ती’ म्हणून आली आहे. १८५९ च्या सरदारकीचंही तसंच. स्कॉटिश लॉर्डांना ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात आपल्यातून १६ जण निवडून पाठवावे लागत. ब्रिटनची वेगळी सरदारकी मिळाल्यावर तो स्वतःच्या हक्काने बसू शकत होता. मशीनला ही ‘पुनर्नियुक्ती’ वाटली.

आता छपाई. ती खरंच देखणी आहे. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) पिवळसर कागद घ्या. पांढऱ्याशुभ्र कागदावर स्कॅनचे काळे ठिपके जास्त उठून दिसतात. आकार ए-फोरच ठेवा. चरित्रकोशाची पानं दोन रकान्यांची, बारीक टाइपाची. ए-फाइव्हला आणली की भिंगच लागेल. दोन्ही बाजूंनी छपाई पानाला दीड रुपया, पाठीवर दोऱ्याचे टाके घालायचे १२० रुपये वेगळे. ते १२० वाचवू नका. नुसत्या गरम गोंदाने चिकटवलेलं पुस्तक मे महिन्यात बंद गाडीत राहिलं, तर गोंद मऊ पडतो आणि मधली पानं सुटून हातात येतात. टाके मात्र आतला एक सेंटिमीटर खातात, म्हणून ऑर्डर देतानाच आतला समास २० मिलिमीटर सांगा. नाही सांगितला तर ते १० वर छापतात आणि ओळींची पहिली अक्षरं शिवणीत गडप होतात.

सोबत १८८० चं खानदेश गॅझेटियर छापून घेणार असाल, तर आधी नकाशाचं पान मोबाइलवर उघडून बघा. घडीचे नकाशे जुन्या स्कॅनमध्ये बहुधा दुमडलेलेच येतात. दुकानदार ते पान तसंच छापतो, आणि पैसे पूर्ण घेतो.