जबड्यातलं बोटॉक्स, टिळकवाडीतलं एक क्लिनिक: पाचपैकी दोन स्टार

झोपेत दात खायची सवय, सकाळी उठलं की जबडा आखडलेला आणि कानशिलं ठणकायलेली, म्हणून दोन्ही गालांत बोटॉक्स, म्हणजे स्नायू ढिला करायचं इंजेक्शन, करून घेतलं. दोन स्टार देते ते दुखणं खरंच कमी झालं म्हणून. क्लिनिक स्वच्छ, स्टाफ गोड बोलणारा. पण सांगितलं काय तर "कायबी होत नाही ओ मॅडम, टोचून घेऊन लगेच कामावर जाता येतंय". ब्रँड कुठला, युनिट किती, कायच नाही.

चावायची ताकद कमी होणार हे ठीक आहे, नसेकडून स्नायूला जाणारा निरोपच ते औषध अडवतं. भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली, मटण सोडलं, चालवून घेतलं. पण मग हसताना उजवीकडं ओठाचा कोपरा वरच जाईना आणि घास चावताना डाव्या गालावर लिंबाएवढा गोळा टरारून उठायला लागला, भाचीच्या साखरपुड्याचे फोटो बघून आई घाबरली, लकवा मारला की काय गं म्हणून. क्लिनिकला फोन केला तर "सेट व्हायला वेळ लागतो" म्हणून ठेवला.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी गालावर बोट ठेवून, दात दाबायला लावून दाखवलं. चावायच्या या मॅसेटर स्नायूला थर असतात, औषध खालच्या थरातच राहिलं की वरचा एकटा जोर लावतो आणि फुगतो, तिथं थोडा डोस दिला की बसतो. हसायचा स्नायू मॅसेटरच्या पुढच्या कडेलाच चिकटून असतो, सुई जास्त पुढं गेली की औषध तिकडं झिरपतं आणि त्याला उतारा नाही, असर उतरेपर्यंत थांबायचं, साधारण ३-४ महिने. बोटॉक्स आणि डिस्पोर्ट (तसल्याच औषधाचा दुसरा ब्रँड) यांचे युनिट सारखे नसतात हेही तेव्हाच कळलं. आणि गिळायला, बोलायला किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल गाठायचं, क्वचित होतं पण होतं, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, २००९ मध्ये त्याचा ठळक इशारा लेबलवर छापायला लावलाय. मायस्थेनिया (स्नायू कमजोर करणारा आजार) आहे का, पोटुशी आहात का, हे टोचायच्या आधी विचारायलाच पाहिजे. मला कुणी विचारलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

गोळा बसलाय, हसणं हळूहळू सरळ व्हायलंय. रात्रीसाठी दातांच्या डॉक्टरांकडून नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर, करून घेतलाय. पहिल्या क्लिनिककडं कुठलं औषध किती घातलं ते लिहून मागितलंय, अजून दिलेलं नाही.