तमिळ स्वरांचा वर्ग : चेन्नईतील आठ रविवारांचे परीक्षण

ज्या शहरात मी दोन वर्षांपासून राहते त्याचे नाव मी चुकीचे उच्चारत होते, हे मला या वर्गाच्या पहिल्याच रविवारी कळले. मराठीत ‘चेन्नई’ म्हणताना आपण आपला नेहमीचा ए वापरतो; तमिळमध्ये तिथे ऱ्हस्व ए आहे आणि शेवटी ‘अई’ असे दोन सुटे स्वर नसून एकच ऐ आहे. या परीक्षणात तो ऱ्हस्व ए मी ‘ऎ’ असा आणि ऱ्हस्व ओ ‘ऒ’ असा लिहीत आहे, कारण मराठीच्या वर्णमालेत त्यांच्यासाठी वेगळी अक्षरे नाहीत, आणि हा वर्ग कसा आहे हे ठरवताना माझी मुख्य कसोटी याच दोन स्वरांची होती.

वर्ग अड्यार भागात एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी भरतो. दर रविवारी सकाळी दोन तास, असे आठ रविवार, शुल्क 1800 रुपये आणि विद्यार्थी नऊ. सगळे परप्रांतातून नोकरीनिमित्त आलेले. तमिळनाडूत 2006 च्या कायद्यापासून शाळांमध्ये तमिळ शिकणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले, त्यामुळे तिसरीतल्या माझ्या मुलीला ती भाषा आहेच. तिचा गृहपाठ घेताना तिने मला, “आई, तू ‘दे’ म्हणतेस की ‘रेघ’ म्हणतेस?” असे विचारले आणि मी निरुत्तर झाले. ‘कॊडु’ म्हणजे दे, ‘कोडु’ म्हणजे रेघ. माझ्या तोंडून दोन्ही वेळा एकच शब्द बाहेर पडत होता. दुसऱ्याच दिवशी मी वर्गात नाव घातले.

या शिकवणीचा सर्वांत मोठा गुण असा की ती अक्षराच्या आकारापासून नव्हे, तर कालमापनापासून सुरू होते. पहिले दोन रविवार आम्ही पेन्सिल हातात धरली नाही. तोल्काप्पियम् या प्राचीन व्याकरणग्रंथात मात्रेचे माप डोळ्याची पापणी लवणे किंवा चुटकी वाजवणे असे दिले आहे. टीचर ते अक्षरशः करून घेतात. ‘कुऱिल्’ म्हणजे ऱ्हस्व स्वराला एक चुटकी, ‘नॆडिल्’ म्हणजे दीर्घ स्वराला दोन. अ, इ, उ, ऎ, ऒ हे पाच ऱ्हस्व आणि आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे सात दीर्घ, असे बारा ‘उयिर् ऎऴुत्तु’, म्हणजे प्राणाक्षरे. व्यंजनांना तमिळमध्ये ‘मॆय्’, म्हणजे शरीर म्हणतात. बारा प्राण आणि अठरा शरीरे यांच्या संयोगातून 216 ‘उयिर्मॆय्’ अक्षरे होतात, आणि ‘आय्दम्’ हे तीन टिंबांचे एक वेगळे अक्षर धरून एकूण 247. हे गणित टीचर एकदाच फळ्यावर मांडतात आणि लगेच पुसून टाकतात. नवख्या विद्यार्थ्याला 247 या आकड्याची धास्ती बसू नये, म्हणून त्या असे करत असाव्यात, आणि ते मला फार योग्य वाटले.

त्यानंतर येतात शब्दांच्या जोड्या. ‘कल्’ म्हणजे दगड आणि ‘काल्’ म्हणजे पाय, ‘पल्’ म्हणजे दात आणि ‘पाल्’ म्हणजे दूध, इथपर्यंत मराठी माणसाला काहीच अडत नाही. ‘ऎडु’ म्हणजे घे, ‘एडु’ म्हणजे ग्रंथाचे पान. ‘तॊडु’ म्हणजे स्पर्श कर, ‘तोडु’ म्हणजे कानातले. इथे मात्र मी तीन रविवार अडकले होते. टीचर समोर बसवून एक शब्द उच्चारायला लावतात आणि आपण कोणता उच्चारला हे इतर विद्यार्थ्यांनी ओळखायचे असते. मी ‘तॊडु’ म्हणत आहे अशी माझी खात्री असताना आठही जण कानाला हात लावून कानातले दाखवत. चौथ्या रविवारी पहिल्यांदा त्यांनी हात पुढे करून एकमेकांना स्पर्श केला, तेव्हा मला झालेला आनंद शाळेतल्या कोणत्याही निकालापेक्षा कमी नव्हता.

मराठी विद्यार्थ्याची अडचण नेमकी कुठे आहे, हे या काळात मला उमगले. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ हा मुख्यतः शुद्धलेखनाचा विषय झाला आहे. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण नियमाने दीर्घ लिहितो, पण बोलताना त्याची लांबी कोणी मोजत नाही, आणि ती चुकली तरी अर्थ सहसा बदलत नाही. तमिळमध्ये लांबी हाच अर्थ आहे. शिवाय आपण शब्दाच्या मधला अ गिळतो. ‘कमला’ हे नाव आपण ‘कम्ला’ असे म्हणतो. तमिळ माणूस क, म, ला ही तिन्ही अक्षरे पूर्ण म्हणतो. तिथे स्वर नसेल तर अक्षरावर ‘पुळ्ळि’ म्हणजे टिंब येते, आणि टिंब नसेल तर अ म्हणायचाच. एका बाबतीत मात्र आपल्याला घरची सोय आहे. बोलताना तमिळ लोक आरंभीच्या ऎ-एला किंचित य आणि ऒ-ओला किंचित व जोडतात, आणि आपणही ‘येक’ आणि ‘वोठ’ म्हणतोच.

शब्दान्तीचा उकार हा या वर्गातला माझा सर्वांत आवडता धडा. ‘वीडु’ म्हणजे घर, पण तो शेवटचा उ म्हणताना ओठांचा चंबू करायचा नसतो. याला ‘कुट्रियलुगरम्’ म्हणतात आणि त्याची मात्रा अर्धीच मोजतात. टीचरनी प्रत्येकाच्या हातात छोटा आरसा दिला आणि ओठ हसल्यासारखे आडवे ठेवून ‘वीडु, आडु, पाट्टु’ म्हणायला लावले. माझ्या मुलीच्या मते त्या दिवसापासून मी ‘तमिळसारखी’ बोलू लागले.

लेखनाचे धडे तिसऱ्या रविवारपासून सुरू होतात, आणि तेही नीट विचार करून रचलेले आहेत. परातीत तांदूळ पसरून बोटाने अ काढायचा, मग पाटीवर, मग वहीत. ए म्हणजे ऎच्या पायाला एक तिरकी रेघ, ओ म्हणजे ऒच्या शेपटाला एक गाठ. ई मात्र इपासून पूर्ण निराळी, ती स्वतंत्रच गिरवावी लागते. व्यंजनाला लागणारी ऎ, ए आणि ऐ यांची चिन्हे अक्षराच्या डावीकडे येतात, पण ज्याने पहिल्या वेलांटीचा ‘कि’ लिहिला आहे त्याला यात नवल वाटू नये. ऒ आणि ओ यांची चिन्हे अक्षराला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. उकार-ऊकारांना एक नियम नाही, प्रत्येक व्यंजनाला वेगळे वळण आहे, आणि ते पाठ करण्यावाचून मार्ग नाही. 1978 साली राज्य सरकारने 13 अक्षरांची रूपे सोपी केली, त्यात ‘चॆन्नै’मधला ‘नै’ही होता, टीचरनी जुनी लग्नपत्रिका आणून त्यातला सोंडेसारखा वळलेला जुना ऐकार दाखवला, त्यामुळे जुन्या पाट्या आता मला अनोळखी वाटत नाहीत.

आता उणिवा. वर्गाची छापील टिपणे रोमन लिपीत आहेत आणि त्यांत ऎ व ए या दोघांसाठी एकच अक्षर वापरले आहे. जे शिकवण्यासाठी दोन रविवार चुटक्या वाजवल्या, तेच कागदावर पुसले जाते. मी माझ्यापुरती देवनागरीत टिपणे केली आणि टीचरनी ती मोकळ्या मनाने हिंदी भाषक विद्यार्थ्यांनाही वाटली, पण हे काम वर्गाने स्वतः करायला हवे. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. येथे फक्त ग्रांथिक उच्चार शिकवला जातो. पुस्तकात पान म्हणजे ‘इलै’, बाजारात केळीची पाने विकणाऱ्या बाईंकडे मी तोच शब्द काळजीपूर्वक उच्चारला, तेव्हा त्यांनी क्षणभर थांबून “यॆलॆया?” असे विचारले. पुढच्या अक्षरात अ किंवा ऐ असेल तर बोलीत आरंभीच्या इचा ऎ आणि उचा ऒ होतो, म्हणूनच ‘उडम्बु’, म्हणजे शरीर, हा शब्द ‘ऒडम्बु’ असा ऐकू येतो. एवढे एक वाक्य सातव्या रविवारी सांगितले असते, तर आमचे कान रस्त्यावर गोंधळले नसते. घरी सरावासाठी ध्वनिमुद्रण दिले जात नाही, हीसुद्धा मोठी गैरसोय आहे. आठवडाभर चुकीचा ऎ घोटून आलेली व्यक्ती रविवारी तो विसरण्यातच अर्धा तास घालवते.

ज्यांना फक्त पाट्या वाचायच्या आहेत त्यांनी यासाठी आठ रविवार देण्याची गरज नाही. अक्षरे पंधरा दिवसांत घरी गिरवूनही येतात. ज्यांना तमिळ माणसाशी बोलायचे आहे, मुलांचा अभ्यास घ्यायचा आहे किंवा कर्नाटक संगीतातली तमिळ पदे नीट म्हणायची आहेत, त्यांनी मात्र असाच, समोर बसून कान तपासणारा वर्ग शोधावा. पुढचा वर्ग व्यंजनांचा आहे, ज्यात क, ख, ग, घ या चौघांसाठी एकच अक्षर असते. त्यासाठी मी नाव नोंदवले आहे, आणि टीचरच्या परवानगीने या वेळी मोबाइलवर त्यांचा आवाज मुद्रित करून घेणार आहे.