पुरात भिजलेला तंबोरा आणि मिरजेची दुरुस्ती

आधी तक्रार. तंबोरा दुरुस्त करणारे मिरजेचे चाचा पंधरा दिवसांत देतो म्हणाले आणि दोन महिने लावले. चार वेळा फोन केला, चारही वेळा उत्तर एकच, ‘‘उद्याच बघतो ताई.’’ नाताळच्या आधीच्या रविवारी उपासनेत तंबोरा हवा होता, म्हणून शेवटी सांगलीहून उठून मिरजेला त्यांच्या दारातच जाऊन बसले. तारखेचं काम असेल तर महिनाभर आधीच मागे लागा.

तंबोरा वडिलांचा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं ते यावरच म्हणायचे. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आम्ही कागदपत्रं आणि म्हातारी माणसं घेऊन निघालो, तंबोरा राहिला. परत आलो तर चिखलात आडवा पडलेला, तबली म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी सुटलेली, भोपळ्याला वीतभर तडा. भाऊ म्हणाला, टाकून दे. टाकवेना, म्हणून पाच वर्षं पलंगामागे उभा होता.

दुकान म्हणजे पुढे दोन खुर्च्या, मागे भुसा, सरसाचा वास आणि आढ्याला टांगलेले भोपळे. चाचांनी आमचा भोपळा मांडीवर घेतला, बोटाच्या पेराने चहूकडून ठोकला आणि म्हणाले, ‘‘जिवंत आहे.’’ हा पंढरपूरकडचा माल, भाजीचा नव्हे. ‘‘गोड भोपळा आणला असता तर कधीच कुजला असता. हा कडू, सालीला जाड. जनावर तोंड लावत नाही, म्हणून वेलावर शेवटपर्यंत राहतो आणि आमच्या कामाला येतो.’’

मी चहा हातात धरून तशीच बसले. दर नाताळला गोठ्यातल्या गव्हाणीत निजवलेल्या बाळ येशूवरचं प्रवचन ऐकते, पण कुणाला नको असलेलंच कामाला येतं, हे कुणी असं सांगितलं नव्हतं.

खुद्द या धंद्याची सुरुवातही तशीच. मिरजेतले पहिले सतारमेकर फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे हत्यारं करणाऱ्यांतले. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी आटली, तेव्हा तेच हात सतारीकडे वळले. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तलवारींचे फाळ होतील असं बायबलमधला संदेष्टा यशया लिहून गेला. आमच्याकडे तलवारींच्या सतारी झाल्या!

पण एक सांगते, मला गोठ्याचं फार कौतुक करणं जमत नाही. आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, म्हणजे डॉ. वॉनलेस यांनी १८९४मध्ये उभारलेल्या इस्पितळात नर्स होती. चमकी लावलेला गोठा दिसला की ती चिडायची, ‘‘बाळंतिणीला जनावरांत निजवलं, त्यात शोभा कसली?’’ शुभवर्तमानात लूकही कारण सरळ लिहितो, उतारशाळेत जागा नव्हती. देवाचा हेतू तिथे होता यावर माझा विश्वास आहे. पण तेवढ्याने काही शेणाला सुगंध येत नाही, आणि आमच्या घरातला गाळ उपसताना मलाही कुठला हेतू दिसला नव्हता. कंबर तेवढी दुखत होती.

कामाला मात्र नाव ठेवायला जागा नाही. तड्याला आतून कापडाची पट्टी सरसाने बसवली आणि तबली नव्याने चिकटवली. बाहेरची रेघ पॉलिशखाली लपवू का, असं चाचांनी विचारलं. नको म्हटलं. मग जवारी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून नाद खुलवायचा. घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तार छेडायची, पुन्हा कानस. तारेखाली दोरा सरकवत गेले. आधी नुसता टणटण आवाज, आणि एका जागी दोरा आला तशी तार एकदम उलगडली. दुकानातला पोरगा हातातलं काम सोडून बघायला लागला. चाचा बघतही नव्हते, मान खाली घालून पुढच्या तारेला लागले होते.

पैसे ठरले तेवढेच घेतले. गवसणी मागितली तर जुनी, शिवलेली दिली. ती नवी घ्या, आणि ऊन लागेल अशा भिंतीला तंबोरा टेकवू नका.

रविवारी गायलो. खर्ज घुमायला लागला तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका आजींनी डोळे मिटले. कीबोर्ड वाजवणाऱ्या पोरांना आवाज बारीक वाटला, वाटू दे. नंतर घरी खुंटी पिळताना भोपळ्यात काहीतरी खडखडलं. गाळाचा खडा राहिला असावा. तो काढायला पुन्हा मिरजेला जायचं की नाही, हे अजून ठरवलेलं नाही.