ट्रेमधले जेवण आणि विकतचा उपमा

मुंबई–दिल्ली या सुमारे दोन तासांच्या प्रवासात, २०१९ साली बंद पडलेल्या जेट एअरवेजच्या भरभराटीच्या काळात, हवाई सेविका गरम जेवणाचा ट्रे पुढ्यात ठेवून चहा-कॉफी विचारत असे. २००६ पासून उडणाऱ्या इंडिगोत मात्र कपातल्या कोरड्या उपम्यावर गरम पाणी ओतून पैसे घेणे हे त्याच नोकरीचे काम झाले. तिकीट स्वस्त हवे असेल तर हा सौदा मला वाजवी वाटतो (उपमाही वाईट नसतो). खटकते ते वेगळेच: पन्नास आसनांमागे किमान एक कर्मचारी, या नियमामुळे १८० आसनांना चौघे पुरतात, आणि प्रवासी उतरताच पुढच्या उड्डाणाआधी आसनांच्या खिशांतला कचराही त्यांनाच वेचावा लागतो. आग विझवणे, आणीबाणीत विमान रिकामे करणे ही मूळ जबाबदारी दोन्हीकडे तीच.