पोस्टमनच्या हातून घरपोच पैसे : शिंदखेडा तालुक्यातला अनुभव

सेवा : इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक, आधारवर घरपोच पैसे
माझे तारे : पाचपैकी चार

मी आमच्या गावातल्या महिला बचत गटाची सचिव. गटातल्या बायकांचे बँकेचे कागद बहुतेक माझ्याच हातून जातात, म्हणून हे लिहितेय.

गावचे डाकसेवक भाऊ पिशवीत मोबाइल आणि अंगठ्याचं छोटं मशीन घेऊन येतात. खातं कोणत्याही बँकेत असू द्या, आधारला जोडलेलं असलं म्हणजे झालं. बँकेचं नाव, आधार नंबर, रक्कम सांगायची, बोट ठेवायचं, आणि रोख हातात. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत. ही बँक १ सप्टेंबर २०१८ ला देशभर सुरू झाली, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या तिला बँक म्हणतच नाहीत. त्यांच्या लेखी हे ‘पोस्टाचं’ काम, आणि पोस्टावर त्यांचा भरवसा आहे.

याची किंमत कळायची तर कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे या. चांगली वेचणारी बाई दिवसाला ४० किलो वेचते, किलोला १० रुपये धरले तरी ४०० रुपये झाले. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० मिळतात. ते काढायला तिला तालुक्याला पाठवलं की दिवस गेला. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढे तर तिकीटच नाही. ही सवलत मोलाची आहे. पण तिकीट अर्धं झालं तरी रोज बुडतो तो पूर्णच. त्यातून तालुक्याच्या एका बँकेत आमच्या गटातल्या काकूंना ‘सही जुळत नाही, उद्या या’ म्हणून परत पाठवलं होतं. उद्या म्हणजे आणखी एक रोज. अंगठ्यावर पैसे देणाऱ्या एका खाजगी दुकानात शेकड्यामागे कापून घेतात, तेही बायकांनी सोसलं. आता डाकसेवक भाऊ ओट्यावर बसतात, पावती वाचून दाखवतात, नोटा दोनदा मोजून देतात.

मला सगळ्यात उपयोगी वाटली ती बाकी बघायची सोय. एकेका बाईची दोन-तीन खाती : एक जनधनचं, एक गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेलं, एक कुठल्या तरी जुन्या योजनेचं. सरकारी पैसा जातो तो आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात, आणि बाई पासबुक छापून आणते दुसऱ्याच खात्याचं. ‘मना पैसा उनातच नहीत’ म्हणून रडकुंडीला आलेल्या आजींना भाऊंनी दोन मिनिटांत सांगितलं, पैसे आलेत, फक्त दुसऱ्या बँकेत आहेत. यासाठी आम्ही आधी किती दारं झिजवली असती!

एक तारा कापला तो अंगठ्यासाठी. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं ते आमच्यापासून तापीपलीकडे, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. खान्देशाला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण कापूस, मिरची, निंदणी यांत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांच्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. आजी म्हणतात, ‘बेटा, मना अंगठा घसाई गया.’ मग बोट पुसा, तेल लावा, दुसरं बोट ठेवून बघा, असं चालतं. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आता आली आहे. तिला रेंज मात्र चांगली लागते, आणि आमच्याकडे रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीजवळ. मुंबई-दिल्लीत सेवा आखणाऱ्यांनी पहिली चाचणी अशा हातांवर आणि अशा रेंजमध्ये घ्यावी, हे मला अगदी मनापासून म्हणायचं आहे.

दुसरं, ग्रामीण डाकसेवकाच्या कामाचे तास चार किंवा पाच. त्यात टपाल, बचत खाती, विमा आणि हे. शाखा डाकघरात रोकड ठेवायलाही मर्यादा असते. लाडकी बहीणचा हप्ता पडला की सगळ्याच जणी एका सकाळी पैसे मागणार, हे कुणालाही आधी कळण्यासारखं आहे. हप्त्याची तारीख ठरवताना जादा रोकड आणि जादा तास ठरवायला काय हरकत आहे? एकट्या माणसावर सगळं टाकून सेवा घरपोच झाली म्हणणं बरोबर नाही.

आणि कर्ज इथे मिळत नाही. पेमेंट बँकेला कर्ज द्यायची परवानगीच नाही, त्यामुळे शेळी घ्यायची, शिलाई मशीन घ्यायचं, तर तालुक्याची बँक सुटत नाही.

वापरणार असाल तर एवढं करा. अंगठा देण्याआधी स्क्रीनवरची रक्कम वाचून घ्या, येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला शेजारी बसवा. व्यवहार अडकला, खात्यातून पैसे गेले पण हातात आले नाहीत, तर घाबरू नका आणि लगेच पुन्हा अंगठा देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप खात्यात परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. तक्रार करताना पावती लागते. आमच्या गटात आता प्रत्येकीची पावती पासबुकाला टाचलेली असते.