अरल ते गिरणा: ‘कोपर्निकस ब्राउझर’ कितपत कामाचा?

निकाल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी चार. युरोपीय संघाच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रे फुकट उघडायची, त्यांवर मोजमाप करायचे आणि हवी ती उतरवून घ्यायची, अशी ‘कोपर्निकस ब्राउझर’ ही इंटरनेटवरची सोय. सध्याच्या रूपात ती २०२३ पासून चालू आहे. भूगोल शिकवणारे, पाणी वापर संस्थेचे काम बघणारे, धरणाचा टक्का पेपरात वाचून ज्यांचे समाधान होत नाही असे सगळे, यांच्या ती उपयोगाची. एक गुण कापला तो दोन कारणांनी. मोबाइलवर ती धड चालत नाही, आणि सेंटिनेल-२ ची चित्रे २०१५ च्या मागे जात नाहीत. मध्य आशियातल्या आटलेल्या अरल समुद्राच्या बाबतीत हे दुसरे कारण चांगलेच नडते, कारण तिथला मोठा घास त्याआधीच गिळून झाला होता.

पाणी मोजण्याचे असे साधन पारखायचे तर अरलवरच पारखावे. उथळ पाणी, पांढरे मीठ, हिवाळी बर्फ, धुळीची वादळे, कपाशीचे पाटपाणी, म्हणजे मोजणी फसवणाऱ्या सगळ्या गोष्टी तिथे एका चौकटीत सापडतात. १९६० च्या सुमारास हा समुद्र ६८,००० चौरस किलोमीटरचा होता; जळगाव, धुळे, नंदुरबार एकत्र केले तरी त्याच्या अडीचपटीहून जास्त. अमू दर्या आणि सीर दर्या या दोनच नद्या त्याला पाणी आणत. सोव्हिएत काळात दोन्हींचे पाणी मुख्यतः कपाशीसाठी कालव्यांत वळवले गेले. त्यातला काराकुम कालवा १,३७५ किलोमीटरचा आणि बराचसा अस्तरीकरणाविना, त्यामुळे सोडलेले पाणी वाटेतच वाळूत जिरे. १९८७ च्या सुमारास समुद्राचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडले, पुढे दक्षिणेचेही पूर्व-पश्चिम असे दोन झाले, आणि २०१४ च्या उन्हाळ्यात पूर्वेचा तुकडा पुरता कोरडा पडला.

आता प्रत्यक्ष वापर. लॅपटॉप घ्या, खाते उघडा. ते फुकट आहे आणि काही साधने त्याशिवाय खुलत नाहीत. भाषांच्या यादीत मराठी नाही. शोधाच्या चौकटीत ठिकाणाचे नाव रोमन लिपीत टाका किंवा सरळ अक्षांश-रेखांश द्या. उझबेकिस्तानातल्या मुयनाक या अरलच्या जुन्या बंदरासाठी ४३.७७, ५९.०३. उपग्रहांच्या यादीतून ‘सेंटिनेल-२ एल२ए’ निवडा. एल२ए म्हणजे हवेतल्या धुरकटपणाची दुरुस्ती केलेले चित्र. ढगांची मर्यादा २० टक्क्यांवर आणा, तारीख ऑगस्टमधली घ्या. फार लांबून बघत असाल तर पडद्यावर काही उमटणार नाही, जवळ जाण्याची सूचना तेवढी येईल. पुष्कळ जण इथेच ‘बंद पडलंय’ म्हणून सोडून देतात.

‘ट्रू कलर’मध्ये, म्हणजे डोळ्याला दिसतात तशा रंगांत, मुयनाकच्या उत्तरेला पिवळट-राखाडी पट्टा दिसतो, त्यापुढे पांढरे चट्टे. हा सगळा समुद्राचा तळ. अंतर मोजण्याचे साधन घेऊन बंदरापासून आजच्या पाण्यापर्यंत रेघ ओढा. आकडा शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. वाळूत उभी असलेली ती प्रसिद्ध जहाजे मात्र इथे शोधू नका. चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, आणि एवढ्यात मासेमारीचे जहाज दोन-तीन ठिपक्यांत संपते.

पाण्याची हद्द आखण्यासाठी तयार ‘एनडीडब्ल्यूआय’ (पाणी ओळखणारा निर्देशांक) थर आहे. हिरव्या प्रकाशाचा पट्टा बी०३ आणि निकट-अवरक्त प्रकाशाचा बी०८, यांची वजाबाकी भागिले बेरीज. उत्तर शून्याच्या वर आले की साधारणपणे पाणी. आपल्या हतनूर धरणावर हे बऱ्यापैकी जमते. अरलवर कमी पडते, म्हणून ‘इंडेक्स’च्या खणात बी०८ ऐवजी लघुतरंग अवरक्ताचा पट्टा बी११ ओढून ठेवायचा सल्ला दिला जातो. गढूळ आणि उथळ पाणी त्याने खरोखरच चांगले सुटते. पण यातली मेख कोणी सांगत नाही: बी०३ आणि बी११ चे हेच सूत्र बर्फ ओळखायलाही वापरतात. म्हणजे जानेवारीत गोठलेला उत्तर अरल आणि त्याच्या काठावरचा हिमाच्छादित तळ एकाच रंगात येणार, आणि समुद्र रातोरात वाढला असे वाटणार. ओल्या मिठाच्या थरानेही तोच गोंधळ होतो, कारण ओलावा बी११ मधला प्रकाश शोषून घेतो. उपाय साधा आहे. जुलै ते सप्टेंबर एवढ्याच काळातली चित्रे घ्या, दोन्ही सूत्रे चालवा, आणि जिथे दोघांचे उत्तर जुळत नाही तिथे ‘ट्रू कलर’ उघडून डोळ्याने ठरवा.

मार्चमधले चित्र घेतले तर आणखी एक फसगत. मुयनाकच्या दक्षिणेकडच्या नुकुस शहराच्या आसपासची शेते पाण्याखाली दिसतात. तो पूर नव्हे. पेरणीआधी जमिनीतले मीठ खाली उतरावे म्हणून शेतात मुद्दाम पाणी तुंबवतात. निचरा अपुरा, भूजल वर आलेले, आणि मीठ दरवर्षी पुन्हा माथ्यावर. त्यामुळे पिकाला लागते त्याखेरीज हे धुण्याचे पाणी वेगळे. समुद्र आटण्याचा हिशेब करताना हा खर्च बहुतेक जण विसरतात. शेतातून निचरून आलेले खारे पाणी कुठे जाते हे बघायचे असेल तर नैऋत्येला सारीकामिश शोधा. वाळवंटाच्या मधोमध भलेमोठे निळे सरोवर! अमू दर्याच्या खोऱ्यातल्या शेतांच्या निचऱ्यावर ते पोसले गेले आहे. अरलला न मिळालेले पाणी असे तिथे मीठ साठवत पडले आहे.

या सेवेतला सगळ्यात चांगला भाग म्हणजे तुलनेचा पडदा. दोन तारखांची चित्रे एकावर एक ठेवून मधली रेघ सरकवायची. कोक-अरल बांधावर (४६.१, ६०.८) हे करून बघा. सुमारे १३ किलोमीटरचा हा बांध २००५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने पुरा झाला. सीर दर्याचे पाणी दक्षिणेला वाहून जाऊन उन्हात उडण्याऐवजी उत्तरेत अडले, पातळी समुद्रसपाटीपासून ४२ मीटरच्या आसपास आली, खारेपणा उतरला आणि मासेमारी पुन्हा सुरू झाली. चित्रात बांधाची रेघ सुईसारखी सरळ दिसते: वर गडद निळे पाणी, खाली सांडव्यातून पसरलेली फिकट हिरवी दलदल. मोजपट्टी नीट लागते आहे का हे तपासायलाही हाच बांध सोयीचा. १३ च्या जवळचा आकडा आला नाही तर तुमची टोके चुकली आहेत.

धुळीसाठी सेंटिनेल-२ उपयोगाचा नाही, तो रोज येत नाही. ‘सेंटिनेल-५पी’ निवडून त्यातला एरोसोल (हवेतल्या सूक्ष्म कणांचा) निर्देशांक लावा आणि २०१८ च्या मे अखेरच्या तारखा एकेक करून बघा. त्या दिवसांत अरलच्या तळावरचे मीठ उझबेकिस्तानातले काराकालपाकस्तान व खोरेझम आणि उत्तर तुर्कमेनिस्तानवर जाऊन बसले. या उपग्रहाचा ठिपका किलोमीटरांचा असल्यामुळे चित्र ढोबळच येते, पण पट्टा कुठून कुठे गेला ते कळते. त्या धुळीत नुसते मीठ नसते, कपाशीवर वर्षानुवर्षे मारलेल्या कीटकनाशकांचे अवशेषही असतात. तळावर साक्साउलची झुडपे लावण्याचे काम उझबेकिस्तानने २०१८ च्या अखेरीपासून मोठ्या प्रमाणावर काढले. कोवळी झुडपे ‘एनडीव्हीआय’ या हिरवळ दाखवणाऱ्या थरावर जवळपास उमटत नाहीत; विरळ, करडी आणि एका ठिपक्यात मावणारी. दिसल्याच तर नांगरलेल्या सऱ्यांच्या समांतर रेघा दिसतात. चित्रावरून ‘लागवड फसली’ म्हणणे किंवा ‘यशस्वी’ म्हणणे, दोन्ही घाईचे.

आता आपल्याकडे या. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात असले तरी चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याचा जीव त्यात अडकलेला. नोव्हेंबर आणि मे अशा दोन तारखा तुलनेच्या पडद्यावर ठेवा. पाणी सगळीकडून सारखे मागे सरत नाही. फुगवट्याचे शेपूट आधी सुटते, भिंतीजवळचा खोल भाग शेवटपर्यंत तसाच राहतो. हिरवळ लाल दाखवणारा ‘फॉल्स कलर’ लावला तर उघड्या पडलेल्या बुडीत क्षेत्रात लाल पट्टे दिसू शकतात, ती गाळपेर. अरलच्या आणि आपल्या तळात फरक नेमका इथे आहे. आपल्या धरणाचा तळ उघडा पडला तर त्यावर पीक येते, तिथला तळ उघडा पडला तर मीठ उडते. समुद्राला बाहेर जायला वाट नव्हती. हजारो वर्षे नद्यांनी आणलेले मीठ तिथेच साचत होते. सुरुवातीला लिटरमागे १० ग्रॅम असलेला खारेपणा पश्चिमेच्या उरलेल्या पाण्यात १०० च्या वर गेला. धरणाचे मीठ सांडव्यातून आणि पाटाने पुढे जाते, शेताच्या वाट्याला येते. त्यामुळे अरलशी तुलना करायचीच झाली तर ती धरणाशी नव्हे, निचरा नसलेल्या क्षारपड कमांड क्षेत्राशी (धरणाच्या लाभक्षेत्राशी) करावी.

याच ‘फॉल्स कलर’मध्ये मे महिन्यात सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावल-चोपड्याचा पट्टा बघा. वर डोंगर तपकिरी, खाली कपाशीची रिकामी काळी राने, आणि मधोमध केळीच्या बागा लालभडक. ठिबक असो नसो, एवढा लाल रंग त्या महिन्यात विहिरी-बोअरच्या पाण्यावरच टिकतो. भूजल किती खाली गेले हे मात्र कोणत्याही थरावर दिसत नाही.

इथे या सेवेची खरी मर्यादा येते आणि ती नीट समजून घेतलेली बरी. चित्र क्षेत्र दाखवते, घनफळ नाही. धरण निम्म्या क्षेत्रावर आले तर साठा निम्म्याहून बराच खाली गेलेला असतो, कारण कडेचे पाणी उथळ असते. हतनूरला तर उलटाही गोंधळ आहे. तापी-पूर्णेचा गाळ तळाशी साचतो, त्यामुळे पाण्याचा पसारा तेवढाच दिसूनही आत पाणी कमी असते. टीएमसी किंवा दलघमी हवे असेल तर जलसंपदा विभागाचा रोजचा साठा बघा. उपग्रहाच्या चौरस किलोमीटरला मनाने गुणाकार लावू नका. जलपर्णी पसरली असेल तर तेवढा भाग सूत्रात जमीन म्हणून जातो. आणि डिसेंबर-जानेवारीत उन्हाचा कोन उतरला की धडगाव-अक्कलकुव्याकडच्या दऱ्यांतल्या सावल्या पाणी म्हणून मोजल्या जातात. नर्मदेचा फुगवटा मोजणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चचे चित्र घ्यावे.

पावसाळ्यात ढग हटत नाहीत, तेव्हा ‘सेंटिनेल-१’चे रडार चित्र कामी येते. शांत पाणी त्यात काळे दिसते. वाऱ्याने लाटा उठल्या की तेच पाणी उजळते, आणि अरलवर कोरडे गुळगुळीत मिठागर पाण्याइतकेच काळे येते. एका तारखेवर भरवसा ठेवू नका, लागोपाठच्या तीन-चार बघा.

जुन्या काळासाठी जोडीला दोन गोष्टी ठेवा. ‘गुगल अर्थ टाइमलॅप्स’मध्ये १९८४ पासून पुढे समुद्र आटताना एका मिनिटात दिसतो, वर्गात दाखवायला हेच उत्तम, पण मोजायला नाही. मोजायला युरोपीय संशोधन केंद्राचा ‘ग्लोबल सरफेस वॉटर एक्सप्लोरर’. १९८४ ते २०२१ मधल्या ‘लँडसॅट’ या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रांवरून कोणत्या ठिपक्यावर किती वेळा पाणी होते ते तो रंगात दाखवतो. कायमचे पाणी गेले कुठे, हंगामी झाले कुठे, हे वेगळे कळते. कोपर्निकस ब्राउझर हे काम असे तयार करून देत नाही.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. चित्रावरची वेळ जागतिक वेळ असते. जळगावच्या चित्रावर साडेपाच दिसले तर ते आपले सकाळचे अकरा. अख्खा अरल एका तारखेत मावत नाही, उपग्रहाचा पट्टा २९० किलोमीटरचा, त्यामुळे अर्धे चित्र रिकामे येते. ते बिघाड समजू नका; पूर्ण आकार हवा तर तिमाहीचे ढगविरहित मोझेक (अनेक चित्रे जोडून केलेले) किंवा ३०० मीटरवाला सेंटिनेल-३ घ्या. टाइमलॅप्स बनवताना सगळ्या तारखा न घेता दर वर्षीचा एकच महिना निवडा, ढगाळ चित्रे हाताने काढा आणि चौकट लहान ठेवा, नाहीतर फाइल फुगते आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तासभर अडकते. उतरवताना तारीख आणि मोजपट्टी चित्रावर छापून घेण्याचा पर्याय चालू ठेवा. तारखेविना धरणाचे चित्र व्हॉट्सअॅपवर फिरू लागले की ते कोणत्या सालचे हे पुढे कोणीच सांगू शकत नाही.